छोट्या पडद्यावरचा बहुरूपी : दिलीप प्रभावळकर

सुगी आटोपली, कपाशीची शेवटची वेचणी झाली, की आमच्या गावात बहुरूपी येत असे. तुमच्याही गावी आला असेल. एके दिवशी तो फौजदार होऊन यायचा आणि ओट्यावर बसलेल्या शेटजींना 'तुमच्यावर वारंट आहे' म्हणून घाम फोडायचा. दुसऱ्या दिवशी तोच तलाठी. तिसऱ्या दिवशी पोरांना भिवविणारी पाठीत वाकलेली म्हातारी. आठवड्याच्या शेवटी पायलीभर ज्वारी मागायला यायचा तेव्हा मात्र तो अगदी साधा, उघड्या डोक्याचा, गर्दीत कुणाच्या लक्षातही येऊ नये असा माणूस असे. माझी आजी म्हणायची, "याचं खरं थोबाड कोन्तं, थे याच्या बायकोलेच मालूम!"

श्रोतेहो, आणि हे भाषण पुस्तिकेत छापून येणार म्हणून वाचकहो, आज मी एका नटाची हकिगत सांगणार आहे. माझा विषय इतिहास. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, त्या जिल्ह्यातल्या इतिहासाच्या अध्यापकाने जिजाऊंवर बोलावे, लखुजीराव जाधवांच्या वाड्यावर बोलावे. टेलिव्हिजनवरच्या नटाची कसली गोष्ट सांगता, असे कुणी म्हणेल. त्यावर माझे म्हणणे एवढेच, की गेल्या पन्नास वर्षांत आपल्या घरांत जी वस्तू आली आणि जिच्यापुढे आपण रोज संध्याकाळी बसलो, तिचाही इतिहास असतो. तो लिहून ठेवला नाही, तर राजवाड्याच्या दगडांहून लवकर नाहीसा होतो. तसा तो होतोही आहे, हे मी पुढे सांगतो.

आधी थोडे यंत्राविषयी. आपल्या देशात टेलिव्हिजन सुरू झाला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईचे केंद्र निघाले २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीला. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्यालाही चित्रे दिसू लागली. पण आमचा बुलढाणा मुंबईपासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर! १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यापाड्यांत टेलिव्हिजन दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला; तो सहा राज्यांत झाला, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे मुंबई-पुण्याची मंडळी ज्या वर्षांत पडद्यासमोर बसून हसत होती, त्या वर्षांत आम्ही वऱ्हाडातली माणसे रेडिओला कान लावून बसलो होतो. यात कमीपणा काही नाही. फक्त एवढे लक्षात ठेवा, की पुढे ज्या चिमणरावाविषयी मी बोलणार आहे, तो आमच्याकडे चेहरा घेऊन आलाच नाही. तो आला पुस्तकातून.

आणि पुस्तकातल्या त्या विनोदाचे एक मूळ आमच्याच मातीत आहे, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव शिक्षकांना ठाऊक आहे. 'बहु असोत सुंदर' या महाराष्ट्रगीताचे ते कर्ते. खामगावला आणि जळगाव जामोदला त्यांनी वकिली केली. कोर्टकचेरीतून उसंत काढून त्यांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले. त्यांतले सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्रिमूर्ती म्हणजे मराठी विनोदी लेखनातली पहिली ठसठशीत पात्रे. कोल्हटकर १९३४ साली वारले. त्यांच्यानंतरच्या पिढीत बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषा शिकविणारे चिंतामण विनायक जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी उभी केली. कोल्हटकरांचा विनोद पंडिताचा, चि. विं.चा विनोद घरातला. चिमणराव हा भित्रा, किडकिडीत, सरळमार्गी कारकून; गुंड्याभाऊ धिप्पाड आणि सोटा उगारणारा. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी ते 'चिमणरावांचे चऱ्हाट'मधली एखादी गोष्ट वाचून दाखवीत. चिमणराव दिसतो कसा, हे आम्ही ज्याचे त्याने ठरविले होते. माझा चिमणराव आमच्या पोस्टमास्तरांसारखा होता.

या जोडीला पडद्यावर आणणारे पहिले मास्टर विनायक. १९४० चा 'लग्न पहावे करून' आणि १९४२ चा 'सरकारी पाहुणे' या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. पुढे १९६३ साली चि. वि. जोशी गेले. त्यांच्या मानसपुत्राचे पुढे काय झाले, हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

१९७७ साली मुंबई दूरदर्शनने 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका सुरू केली. निर्माते होते याकूब सईद आणि विजया जोगळेकर. गुंड्याभाऊचे काम बाळ कर्वे यांना दिले आणि चिमणरावाचे दिलीप प्रभावळकर यांना. प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. म्हणजे तेव्हा ते ३३ वर्षांचे. शिक्षण विज्ञानाचे, नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या मुंबईच्या मंडळींपैकी ते एक. 'रंगायन'च्या 'लोभ नसावा ही विनंती' या विजय तेंडुलकरांच्या नाटकापासून त्यांची रंगभूमीवरची वाटचाल सुरू झाली होती. उंचेपुरे, देखणे, पल्लेदार आवाजाचे असे ते नट नव्हेत. नायकाला लागतो तो सारा सरंजाम निसर्गाने त्यांना दिला नाही, आणि माझ्या मते हेच मराठी प्रेक्षकाचे भाग्य.

कारण पाहा, टेलिव्हिजनचा पडदा लहान. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो, हात मोठे हलवावे लागतात. इथे कॅमेरा नाकासमोर येऊन उभा राहतो. जरा जास्त केले की खोटे दिसते. प्रभावळकरांनी चिमणरावासाठी बारीक, चिरका आवाज काढला, खांदे आखडून घेतले, आणि हा माणूस कुठेही उभा राहिला तरी जागा अडविल्याबद्दल माफी मागतो आहे असे वाटावे, असे उभे राहणे शोधून काढले. पुस्तकात हे लिहिलेले नाही. पुस्तकात प्रसंग आहेत. उभे राहणे नटाला शोधावे लागते. मालिका इतकी गाजली, की १९७९ साली त्याच नावाचा चित्रपटही निघाला.

इथेच खरी अडचण सुरू होते. टेलिव्हिजन नटाला घरोघर पोहोचवितो, पण पोहोचविताना त्याच्या कपाळावर एक शिक्का मारतो. आठवड्यामागून आठवडे एकच माणूस एकाच वेषात आपल्या घरात आला, की आपण त्याला दुसऱ्या नावाने ओळखायलाच तयार नसतो. हे काही मराठीपुरते नाही. विलायतेत जेरेमी ब्रेट नावाचा मोठा नट होऊन गेला. शेक्सपिअरची नाटके केलेला, 'माय फेअर लेडी' या १९६४ च्या प्रसिद्ध चित्रपटात झळकलेला. १९८४ साली त्याने टेलिव्हिजनवर शेरलॉक होम्सची भूमिका घेतली आणि १९९४ पर्यंत तो होम्सच राहिला. काम असे केले, की होम्स म्हटले की आजही कित्येकांना त्याचाच चेहरा आठवतो. पण त्या दहा वर्षांत होम्सने ब्रेटला जवळजवळ गिळून टाकले. १९९५ साली तो वारला तेव्हा जगाच्या लेखी तो होम्सच होता. आपल्याकडे बाळ कर्वे यांचेही काहीसे असेच झाले. त्यांनी इतर पुष्कळ नाटकांतून, मालिकांतून कामे केली, पण लोकांनी त्यांना हाक मारली ती गुंड्याभाऊ म्हणूनच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले, तेव्हाही माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांनी मला सांगितले ते असेच : 'गुंड्याभाऊ गेले.' याला मी दुर्दैव म्हणत नाही. एका नावाने का होईना, लोकांच्या घरातला माणूस होणे ही लहान गोष्ट नव्हे. पण नटाच्या दृष्टीने तो तुरुंगच. सोन्याचा असला म्हणून काय झाले?

प्रभावळकर त्या तुरुंगातून निसटले. कसे निसटले, हे मला या गोष्टीतले सगळ्यात मोलाचे वाटते.

एक तर त्यांनी चिमणरावासारख्या भूमिकांच्या मागे धावायचे टाळले आणि उलट टोकाच्या भूमिका घेतल्या. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात ते चेटकीण झाले होते. नाकाडी, खिदळणारी, मुलांना घाबरवून हसविणारी चेटकीण. 'साळसूद' या मालिकेत त्यांनी चक्क खलपुरुष रंगविला. ज्या चेहऱ्यावर लोकांनी भोळेपणाचा शिक्का मारला होता, तोच चेहरा आता थंडपणे वाईट वागू लागला. काही वर्षांनी 'झपाटलेला' या १९९३ च्या चित्रपटात ते तात्या विंचू नावाचे गुंड झाले, आणि आजही खेड्यातल्या पोरांना चिमणराव ठाऊक नसला तरी तात्या विंचू ठाऊक असतो!

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. जयवंत दळवी यांचे 'नातीगोती' हे नाटक १९८९ साली रंगभूमीवर आले. मतिमंद मुलगा पदरी असलेल्या आईबापांचे ते नाटक. त्यात प्रभावळकर बाप होते. असे मूल सांभाळताना माणूस आतून कसा झिजतो, हे त्यांनी प्रयोगामागून प्रयोग रंगमंचावर भोगले. आणि लगेच १९९१ साली संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' या चित्रपटात ते स्वतः तसा मुलगा झाले : नंदू, लहानपणच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला, वयाने मोठा आणि मनाने पोर. सुलभा देशपांडे यांनी त्याच्या आईचे काम केले. प्रभावळकरांचे तेव्हाचे वय ४७ च्या आसपास. म्हणजे आधी ओझे वाहणाऱ्याच्या बाजूने पाहिले आणि मग ज्याला सगळे ओझे समजतात त्याच्या बाजूने. शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्या वर्गात मागच्या बाकावर असा एखादा नंदू बसत असेल. आमच्या गावातही एक होता. लोक त्याला नावे ठेवीत, आम्ही पोरे त्याच्या मागे खडे घेऊन धावत असू. 'चौकट राजा' गावातल्या टीव्हीवर लागला त्या रात्री ओट्यावर वीस-पंचवीस माणसे होती. पहिल्या अर्ध्या तासात पोरे हसली. नंतर हसली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईला शेजारणीने आपणहून ताकाचे गाडगे नेऊन दिले. मी तेव्हा शाळेत होतो. मला ते गाडगे अजून दिसते.

त्याच १९९१ साली प्रभावळकरांनी स्वतः लिहिलेले 'हसवाफसवी' हे नाटक आले. त्यात एकाच प्रयोगात ते सहा निरनिराळ्या भूमिका करीत. त्यांतला कृष्णराव हेरंबकर हा संगीत रंगभूमीचे वैभव पाहिलेला थकला-भागला नट. त्याच्यापाशी येईपर्यंत हसून हसून दमलेले प्रेक्षक गप्प होत. माझ्या मते ही केवळ वेष बदलण्याची करामत नव्हती. टेलिव्हिजनने एक चेहरा डकवू पाहिला, त्याला त्यांनी सहा चेहऱ्यांनी दिलेले ते उत्तर होते.

तिसरा मार्ग लेखणीचा. बहुतेक नट कुणीतरी आपल्यासाठी लिहील म्हणून वाट पाहतात. प्रभावळकर लिहीत राहिले. 'गुगली', 'हसगत' अशी विनोदी पुस्तके त्यांनी लिहिली. 'बोक्या सातबंडे' हा त्यांचा खट्याळ मुलगा तर आधी आकाशवाणीवरून मुलांना भेटला आणि मग पुस्तकांत गेला. रेडिओवरून बोलताना ही गोष्ट सांगायला मला विशेष आनंद होतो. वृत्तपत्रात त्यांनी 'अनुदिनी' नावाचे सदर लिहिले. एका मध्यमवर्गीय घरातली माणसे आपापली रोजनिशी लिहितात, एकच प्रसंग ज्याला त्याला वेगळा दिसतो, अशी त्याची कल्पना. त्यावरून केदार शिंदे यांनी २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका केली. आजोबा गंगाधर टिपरे स्वतः प्रभावळकर. मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका.

ही मालिका आम्ही पाहिली. १९७७ ला जे हुकले ते २००१ ला मिळाले. मी तेव्हा एम. ए.च्या वर्गात होतो आणि सुट्टीत गावी जाई. गावात केबल आली होती, पण विजेचा भरवसा नव्हता. टिपऱ्यांची वेळ व्हायला आणि दिवे जायला एकच गाठ! आमच्या एका चुलत्याने यावर तोड काढली. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, तिला लहान काळा-पांढरा टीव्ही जोडायचा. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ढकलून चालू करावा लागे, पण त्याची तक्रार कुणी केली नाही.

टिपऱ्यांच्या घरी तसे काही घडत नसे. कुणाला विष घातले जात नाही, कुणाची मालमत्ता कुणी लुबाडत नाही. आजोबांचा चष्मा हरवतो, नातवाचा निकाल लागतो, सून नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीत चिडते. ५७ वर्षांचे प्रभावळकर सत्तरीपलीकडचे आबा झाले होते, त्यांचे ते बसताना गुडघ्यावर हात टेकणे आणि बोलता बोलता अर्ध्यावर विसरणे पाहून माझी आजी म्हणाली होती, "हा तं आपल्या भाऊजीसारखा करून राह्यला." खामगावच्या वकिलाने शंभर वर्षांपूर्वी मध्यमवर्गाकडे हसून पाहायला सुरुवात केली, ती नजर बडोद्याच्या मास्तरांकडून फिरत फिरत आमच्या ओट्यावर येऊन पोहोचली होती, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. कोल्हटकरांना ही गंमत आवडली असती.

पुढे १ सप्टेंबर २००६ ला 'लगे रहो मुन्नाभाई' हा हिंदी चित्रपट आला आणि त्यात प्रभावळकर महात्मा गांधी झाले. फक्त नायकालाच दिसणारे, मिस्किल, हळू आवाजात बोलणारे गांधी. या भूमिकेसाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटातल्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तालुक्याच्या गावी तो चित्रपट पाहून आलो आणि आमच्या शेताशेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हणालो, "बाबा, टिपऱ्यांचे आबा आहेत ना, तेच गांधी झालेत." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "मास्तर, थो टिपऱ्या आन् हा गांधीबाबा एकच मानूस हाय म्हन्ता? काईबी सांगता!" आपल्या बहुरूप्याला यापेक्षा मोठी बिदागी काय द्यायची?

त्यांचे सगळेच काम सारख्या तोलाचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. काही चित्रपटांत नुसती रंगभूषाच पुढे येते आणि माणूस मागे राहतो. बदललेला आवाज म्हणजेच भूमिका, असे कधीकधी दिग्दर्शकांनीच समजून घेतल्यासारखे वाटते. वेषाखाली प्रसंग बळकट असला तरच त्यांचे काम उभे राहते. म्हणूनच मला तात्या विंचूपेक्षा 'नातीगोती'तला बाप मोठा वाटतो. प्रत्येकाची आवड वेगळी. माझे विद्यार्थी याबाबत माझ्याशी भांडतात.

आता मघाशी बोललो त्या नाहीसे होण्याविषयी. सुरुवातीच्या काळात टेलिव्हिजनच्या चित्रफिती महाग असत. एक कार्यक्रम दाखवून झाला, की त्याच फितीवर दुसरा चित्रित करीत. त्या वर्षांतले कितीतरी काम असे पुसले गेले. नाटक तर प्रयोग संपला की संपतेच. आपण चारशे वर्षांपूर्वीची बखर जपून ठेवली. पन्नास वर्षांपूर्वीचे हसणे मात्र आपल्या हातून निसटले. ज्यांनी ते पाहिले ती माणसे आता सत्तरीत आहेत. तुमच्या गावात मुंबई-पुण्याला नोकरी करून परत आलेले कुणी असेल, तर त्यांच्यापाशी बसा आणि त्यांनी चिमणराव कसा पाहिला, ते वहीत लिहून घ्या. शाळेच्या मुलांना हे काम सांगितले तर ती आनंदाने करतील.

प्रभावळकर थांबलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' हा मराठी चित्रपट आला. त्यात ८१ वर्षांचे प्रभावळकर बाबुली मेस्त्री नावाचा कोकणातला दशावतारी कलावंत झाले आहेत. वय झालेला, पण तोंडाला रंग लावल्यावाचून चैन न पडणारा नट.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी गेलो होतो. आठवीच्या मुलांनी चि. वि. जोशींच्या एका गोष्टीवरून नाटुकले बसविले होते. चिमणराव झालेल्या मुलाने ती मालिका कधी पाहिलेली नव्हती. दिलीप प्रभावळकर हे नावही त्याने ऐकले नव्हते. तो खांदे आखडून, एक पाय जरा ओढत रंगमंचावर आला आणि मंडप हसला. मी नंतर त्याला विचारले, "असं चालायचं कुणी शिकवलं तुला?"

"कोनी नाई सर," तो म्हणाला. "आमच्या ग्रामपंचायतचा शिपाई असाच चालते."